तीन मिलिमीटर आणि एक ‘मस्ट’

सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी सोलापुरात कुणी काम काढत नाही. म्हणूनच मी काढलं होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या पॅकिंग खात्यात अकरा संगणक डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. त्यांची देखभाल माझ्याकडे आणि निर्यातीच्या खोक्यांवर बारकोडची लेबलं छापणारा प्रोग्रामही माझाच. कारखाना बंद, कामगार पांढऱ्या बाराबंदीत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत. तेवढ्यात अकराही संगणक डेबियनच्या ‘बुलझाय’ या जुन्या आवृत्तीवरून ‘बुकवर्म’ या पुढच्या आवृत्तीवर न्यायचे आणि दुपारी सम्मती कट्ट्यावर अक्षता टाकायला पोचायचं, असा बेत होता.

लॅपटॉपवर आणखी एक गोष्ट उघडी होती. डेबियनच्या पॉलिसीत एक नवा नियम घालावा म्हणून मी लिहिलेला मसुदा.

पॉलिसी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. डेबियन १९९३ साली इयन मर्डॉकने सुरू केलं. ते कुणा कंपनीचं नाही. हजारो पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार बांधून ठेवलेले प्रोग्राम, आणि ती सांभाळणारी जगभरची स्वयंसेवक मंडळी, त्यातल्या बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. तरी ही सगळी पॅकेजेस एका संगणकावर न भांडता नांदतात, कारण कोणती फाइल कुठे ठेवायची, पॅकेज काढताना काय मागे ठेवायचं, हे एका दस्तऐवजात लिहून ठेवलंय. त्यातल्या क्रियापदांना वजन असतं. ‘मस्ट’ मोडलात तर तो ‘सीरियस’ बग, आणि तो मिटेपर्यंत पॅकेज स्थिर आवृत्तीत जाऊ शकत नाही. ‘शुड’ मोडलात तर बगच, पण पॅकेज अडत नाही. ‘मे’ म्हणजे तुमची मर्जी.

माझा मसुदा असा: पॅकेजातली एखादी स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) ‘ईटीसी’ या सेटिंगच्या फोल्डरमध्ये फाइल स्वतः तयार करत असेल, तर ही फाइल कोण लिहितं आणि हाताने केलेला बदल टिकेल की नाही, हे फाइलच्या माथ्यावर लिहिलेलं असलंच पाहिजे. ‘मस्ट’. डेबियनमधल्या एका जुन्या, अनुभवी माणसाने त्यावर एकच प्रश्न विचारला होता: आज किती पॅकेजेस यात बसत नाहीत, ते मोजलंय का? मी मोजलं नव्हतं, आणि मला त्याचा रागही आला होता. नियम चांगला आहे ना, मग मोजायचं कशाला? पण तिथली रीत वेगळी. आधी चार पॅकेजेसनी तसं करून दाखवायचं, ते अंगवळणी पडलं की मग पॉलिसी ते लिहून घेते. उगाच ‘मस्ट’ लिहिलात तर काल बरी असलेली शेकडो पॅकेजेस आज एका रात्रीत गुन्हेगार ठरतात. पॉलिसी ही लोकांना मारायची काठी नव्हे, असं तिथे नेहमी म्हणतात. माझ्या हातात त्या दिवशी काठीच होती.

सात संगणक झाले. आठव्यावर अर्धं काम झालं आणि लाइट गेली. यूपीएसने ‘टीं टीं’ करत जेमतेम मिनिटभर दम धरला. त्याची बॅटरी बदला म्हणून मी दिवाळीपासून सांगत होतो, पण ते असो.

लाइट आली ती पाऊण तासाने. पॅकेजेस बसवणाऱ्या डीपीकेजी या प्रोग्रामला अर्धवट राहिलेली पॅकेजेस पुरी करायला सांगितली. सगळी सरळ बसली, एक सोडून. ते एक माझं, लेबलं छापणारं.

माझी इन्स्टॉलनंतर चालणारी स्क्रिप्ट पहिल्याच पायरीला एक फोल्डर तयार करायची. लाइट गेली तेव्हा फोल्डर झालं होतं, पुढचं राहिलं होतं. आता स्क्रिप्ट पुन्हा चालली, तिला तेच फोल्डर दिसलं, आणि ‘आधीच आहे’ म्हणून तिने मान टाकली. ती पडली म्हणून पॅकेज अर्धवट, पॅकेज अर्धवट म्हणून पुढचं काहीच बसेना.

पॉलिसीचा सहावा अध्याय नेमका हेच सांगतो. स्क्रिप्ट पुन्हा चालवली तरी काही बिघडता कामा नये. पहिल्यांदा अर्ध्यात तुटली असेल, तर दुसऱ्यांदा तिने राहिलेलं तेवढं करून सुखरूप बाहेर पडावं. वापरणाऱ्याने मध्येच काम तोडलं किंवा काही अनपेक्षित घडलं, तर यंत्र मोडक्या अवस्थेत राहू नये, म्हणून. हा भाग मी इतरांना कितीदा वाचून दाखवलाय. त्यात सोलापूरची लाइट आणि आमचा यूपीएसही येतात, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

याच वेळी बायकोचा फोन आला. ती मुलांना घेऊन कट्ट्यापाशी उभी होती. ‘तुम्ही येत नाही म्हटल्यावर ऐका तरी,’ म्हणून तिने फोन वर धरला. कुंभारकन्येचं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागतं, त्याआधी सगळ्यांसमोर सम्मती वाचतात. गर्दीच्या गजरात ‘सत्यम् सत्यम्’ तेवढं स्पष्ट ऐकू आलं. डाव्या हातात फोन, उजव्या हाताने मी फोल्डरची ओळ दुरुस्त करत होतो. चार अक्षरांचं काम.

स्क्रिप्ट चालली. बाकीचे तीन संगणकही झाले. मी निवांत घरी गेलो.

खरी गंमत कारखाना उघडल्यावर सकाळी. पॅकिंगचे नरसय्याअण्णा फोनवर: ‘साहेब, लेबल सरकलालंय की हो! बारकोड कडेच्या बाहेर चाललाय, स्कॅनर वाचंना.’

सगळ्याच संगणकांवर तीन मिलिमीटर. झालं असं होतं की अण्णांनी वर्षभरापूर्वी सेटिंगच्या फाइलमध्ये जाऊन समास हाताने नीट केले होते. पुठ्ठा बदलला, लेबलाचा रोल बदलला, तसे आकडे बदलत आणले होते. मला पत्ता नाही. आणि माझी स्क्रिप्ट दर अपग्रेडला ती फाइल कोरी करून नव्याने लिहायची, कारण प्रत्येक संगणकाच्या प्रिंटरचा पत्ता वेगळा आणि तो मला आपोआप भरायचा होता. ती फाइल सरळ पॅकेजात असती, तर डीपीकेजीने जुन्या ठशाशी ताडून पाहिलं असतं. माणसाने बदल केलाय असं दिसलं असतं, तर फाइलला हात लावला नसता किंवा निदान विचारलं असतं. मी त्याला बाजूला सारून स्वतःच लिहायला गेलो. स्थानिक बदल अपग्रेडमध्ये जपलेच पाहिजेत, हा पॉलिसीतला जुना, ठसठशीत ‘मस्ट’. माझ्या पॅकेजात मात्र ‘स्टँडर्ड्स-व्हर्जन ४.५.०’ अशी ओळ होती, म्हणजे मी पॉलिसीच्या त्या आवृत्तीशी पडताळून पाहिलंय असा दावा. दुसऱ्या पॅकेजातून चिकटवलेली होती ती. नियम तपासणाऱ्या लिंटियनला मी ‘घरचंच पॅकेज आहे’ म्हणून बोलावलंच नव्हतं.

आणि फाइलच्या माथ्यावर? काहीही लिहिलेलं नव्हतं. जो नियम मी जगाला ‘मस्ट’ म्हणून लावायला निघालो होतो, त्यात माझीच फाइल बसत नव्हती.

त्या रात्री मोजायला बसलो. आधी माझीच घरची सहा पॅकेजेस: प्रत्येक बसवताना मध्येच मुद्दाम तोडून पुन्हा बसवलं. चार पडली. माथ्यावर टीप एकाच्याही फाइलीत नाही. मसुद्यातला ‘मस्ट’ काढला. ‘उत्तेजन दिलं जातं’ या अर्थाचं जे सौम्य क्रियापद पॉलिसीत आहे, ते घातलं आणि खाली आकडे जोडले, माझ्या पॅकेजांचे सगळ्यात आधी.

अण्णांची फाइल दुरुस्त करायला दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. टीप लिहिली: ‘या फाइलमध्ये बदल करू नये.’ अण्णा चष्मा लावून वाचायला लागले.

‘करू नये म्हणजे? रोल बदलला की मी काय करायचं? तुम्हाला फोन लावत बसू?’

‘प्रिंटरचा पत्ता बदलू नका, एवढंच म्हणायचंय मला.’

‘मग तसं लिवा की.’

शेवटी एका फाइलच्या दोन झाल्या. प्रिंटरचा पत्ता असलेली स्क्रिप्ट लिहिते, ती कुणी उघडायची नाही. समासांची फाइल पॅकेजात, ती डीपीकेजी सांभाळतो आणि अण्णा बदलतात. तिच्या माथ्यावरची ओळ अण्णांनी सांगितली आणि मी टाइप केली: ‘रोल बदलला तर इथले आकडे बदलावेत, जुने आकडे खाली लिहून ठेवावेत.’

मी म्हटलं, ‘अण्णा, “ठेवावेत” की “ठेवलेच पाहिजेत”?’

त्यांनी जरा विचार केला. ‘रात्रपाळीचा पोरगा आहे ना, त्याच्यासाठी “पाहिजेत” लिवा.’