फायबर, पण गच्चीपर्यंतच

नेट बंद पडलं म्हणून कंपनीला फोन लावला.

"सर, डब्यावर एलओएसचा, म्हणजे फायबरचा सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल आहे का?"

मी टॉर्च घेऊन टीव्हीमागच्या राउटरपाशी आडवा. असा दिवाच सापडेना.

"मग येणारी वायर कशी आहे? बारीक पिवळी, हिरव्या टोकाची?"

छे! जाडसर राखाडी, टोकाला 8 पिनांचा प्लास्टिकचा जॅक.

"मग तुमचं फायबर बिल्डिंगपर्यंतच आहे, सर. पुढे घरापर्यंत साधी तांब्याची लॅन केबल."

कोथरूडात 3 वर्षं 'फायबर'चं बिल भरतोय! गच्चीवर जाऊन पाहिलं. पाण्याच्या टाकीशेजारी डबा, त्यात घराघरांत नेट वाटणारा, विजेवर चालणारा स्विच, तिथून मजल्यामजल्यावर लोंबणाऱ्या वायरी. घरात इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की नेट का जातं, ते आत्ता उमगलं. डब्याला कुठला इन्व्हर्टर!

शेजारच्या काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, "चालतंय ना? मग कशाला वाकायचं?"

तुम्ही कधी वाकून पाहिलंय?