कडक बोर्ड कुठला घेऊ?

जानेवारी लागला की हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुतेक पुण्या-मुंबईचा, नाहीतर नोकरीनिमित्त म्युनिक-टोरोंटोला गेलेला, चार-पाच हंगाम स्नोबोर्डवर काढलेला. "यंत्रानं सपाट केलेल्या उतारांचा कंटाळा आलाय. यंदा गुलमर्गला अफरवटच्या डोंगरावरून उतरायचंय. फ्रीराइडचा, म्हणजे यंत्र न फिरलेल्या मोकळ्या डोंगरावर चालणारा, चांगला कडक बोर्ड सांगा. जितका कडक तितका बरा ना?"

नाही. हे 'नाही' मी पैसे मोजून शिकलोय, म्हणून जरा सविस्तर.

माझा पहिला कडक बोर्ड मी युरोपातल्या एका दुकानातून उचलला. लांबी 165 सेंटिमीटर, कडकपणा दहापैकी नऊ. माझं वजन तेव्हा 68 किलो. विक्रेत्यानं विचारलं, बिग माउंटन, म्हणजे मोठ्या उघड्या डोंगरांवर? मी मान डोलावली. त्यानं भिंतीवरचा सगळ्यात लांब बोर्ड काढून हातात दिला. ना वजन विचारलं, ना बुटाचा नंबर. मीही काही बोललो नाही, कारण बोर्ड काळा कुळकुळीत होता आणि मला फार आवडला होता.

गुलमर्गात गंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा तुम्हाला चार हजार मीटरच्या जरा खाली सोडतो. तिथून गावापर्यंत साधारण तेराशे मीटरचा उतार. वरच्या उघड्या वाडग्यात, म्हणजे वाटीसारख्या खोलगट उतारावर, माझा बोर्ड बाणासारखा गेला. खूश होतो. मग आम्ही बाबा रेशीच्या बाजूच्या झाडीत शिरलो. बर्फ मांडीपर्यंत, दोन खोडांमध्ये जेमतेम एका वळणाची जागा, वेग जवळजवळ शून्य. बोर्ड वळेचना. मी मागच्या पायावर बसलो, जोर लावला, उडी मारून वळवला आणि तिसऱ्या उडीला एका झाडाला मिठी मारून थांबलो. फांदीवरचा सगळा बर्फ मानेत. आमचा काश्मिरी गाइड खाली वाट बघत उभा होता, त्याच्या पायात कडा झिजलेला जुना मऊ बोर्ड. हसला नाही. एवढंच विचारलं, "वज़न कितना है आपका?"

दुकानात विचारायला हवा होता तो हाच प्रश्न.

एसटीचे चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे आठवा. रिकाम्या एसटीत मागच्या बाकावर बसलं की प्रत्येक खड्ड्याला डोकं टपाला लागतं. तीच गाडी बाजाराच्या दिवशी खच्चून भरली की कशी शांत चालते. पाटे तेच, पण ते भारासाठी बनवलेले. भार नसेल तर ते वाकतच नाहीत. कॅम्बरचा बोर्ड हा असाच कमानदार पाटा. त्याच्यावर येणारा भार म्हणजे तुमचं वजन आणि वळणावरचा वेग, दोन्ही मिळून. हलक्या माणसानं सावकाश चालवला तर कडक बोर्ड ही रिकामी एसटी. म्हणून दहापैकी नऊ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्यातून तो आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं लावते. एकीचा आठ दुसरीचा सहा निघू शकतो.

आता मुख्य गैरसमज. लोकांना वाटतं कडक बोर्ड खोल पावडरसाठी लागतो. उलट आहे. नवा, कोरडा, भुसभुशीत बर्फ मोठ्या मनाचा असतो, तो मऊ बोर्डालाही सांभाळून घेतो. तिथे तरंगवतो तो आकार: रुंद आणि वर उचललेलं नाक, नाकापेक्षा थोडी अरुंद शेपटी, आणि मध्यापासून जरा मागे सरकवलेली बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडी. कडकपणा लागतो तो बिघडलेल्या बर्फावर. अफरवटच्या धारेवर वारा बर्फ दाबून त्याचा पापुद्रा करतो. पाय ठेवला तर कधी पेलतो, कधी भाकरीच्या पापुद्र्यासारखा मोडतो. दुपारनंतर लोकांनी उकरून ठेवलेला, मग गोठलेला ढेकळांचा बर्फ असतो. आडवं जात दूरची घळ गाठायची असते, तेव्हा एका कडेवर दहा-दहा मिनिटं उभं राहावं लागतं. तिथे मऊ बोर्डाचं नाक फडफडतं, कड सुटते आणि मांड्यांची वाट लागते. तिथे कडक बोर्ड पैसे वसूल करून देतो.

तेव्हा मला विचारण्याआधी स्वतःला विचारा, तुम्ही बिघडलेल्या बर्फावर वेगानं जाता का? की तसा बर्फ दिसला की सरकत खाली उतरून चांगला बर्फ शोधता? दुसरं उत्तर असेल तर त्यात लाज नाही, शहाणपणच आहे. पण मग सहा-सातच्या पुढे जाऊ नका.

कडकपणा दोन प्रकारचा असतो, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. एक लांबीचा. शेपटी जमिनीवर टेकवून, नाक एका हातात धरून मध्यावर दाबलं की कळतो. दुसरा पिळाचा. शेपटी दोन पावलांत घट्ट धरा आणि नाक दोन्ही हातांनी ओला टॉवेल पिळल्यासारखं पिळून बघा. पिळाला कडक बोर्ड बर्फाळ उतारावर अख्ख्या लांबीची कड रोवून धरतो. पण झाडीत, सावकाश वेगात, आपण वळण सुरू करतो ते पुढच्या पायानं बोर्ड किंचित पिळूनच. तो पिळलाच जात नसेल तर अख्खं अंग फेकावं लागतं. माझ्या त्या काळ्या बोर्डाचं दुखणं लांबीपेक्षा हे जास्त होतं. गुलमर्गात वर उघडा डोंगर आणि खाली जंगल एकाच उतरणीत येतं. त्यामुळे मी तरी लांबीला कडक, शेपटीला आणखी कडक, पण पिळाला मध्यम असाच बोर्ड घेईन. अलास्कात मोकळ्या भिंतींवर उतरणारा कदाचित उलट सांगेल, आणि त्याच्यापुरतं ते बरोबर असेल.

कॅम्बरबद्दल थोडक्यात: दोन पायांच्या मध्ये कॅम्बर, नाकाला रॉकर, म्हणजे उलटी, वर वळलेली कमान. पूर्ण रॉकर नको. बगलेचा, म्हणजे बाजूच्या कडांचा आत गेलेला, वक्र उथळ हवा, म्हणजे त्याची त्रिज्या आठ-नऊ मीटर किंवा जास्त. खोल वक्राचा बोर्ड वेगात पापुद्र्यावर मध्येच स्वतःहून वळायला बघतो, आणि तेव्हा पोटात गोळा येतो.

रुंदी बुटावरून ठरते. बूट दोन्ही बाजूंनी थोडे बाहेर आले तर चालतं, पण तीव्र उतारावर बोर्ड जवळजवळ उभा राहतो तेव्हा जास्त बाहेर आलेला पंजा बर्फात घासतो आणि कड उचलली जाते. मला यूकेचा नऊ नंबर लागतो, मला कमरेला, म्हणजे मधल्या अरुंद भागात, 255 मिलिमीटरच्या आसपासचा बोर्ड बरोबर बसतो. आणि बूट स्वतः कडक नसेल तर बाकी चर्चा व्यर्थ. मऊ बुटात कडक बोर्ड म्हणजे सैल लगामाचा घोडा. बजेट तुटपुंजं असेल तर बूट आधी, बोर्ड नंतर.

नावं हवीतच असतील तर दोन सांगतो, दोन टोकं म्हणून. फ्रीराइडर जेरेमी जोन्सच्या कंपनीचा फ्लॅगशिप हा कडक बाजूचा. वजनदार आणि वेगवान माणसाला तो खुलतो. बर्टनचा फ्लाइट अटेंडंट त्यापेक्षा नरम, झाडीत जास्त समजूतदार. तुम्ही या दोघांच्या मध्ये कुठे बसता ते चालवून बघा. सरळ विकत घेऊ नका. दोन दिवस भाड्यानं घ्या, आणि मुद्दाम वाईट बर्फावर न्या. चांगल्या बर्फावर सगळेच बोर्ड चांगले वाटतात.

तळ सिंटर्डच, म्हणजे सच्छिद्र प्लास्टिकचा, घ्या. तो मेण पितो आणि पळतो, फक्त वेळच्या वेळी पाजावं लागतं. मी घरची जुनी, वाफेची भोकं नसलेली इस्त्री नेतो. हॉटेलच्या खोलीत बुखारीशेजारी, म्हणजे काश्मिरी शेगडीशेजारी, दोन खुर्च्यांवर बोर्ड आडवा टाकायचा, मेणाची वडी इस्त्रीला टेकवायची, थेंब पाडायचे, पसरायचे. इस्त्रीतून धूर आला की ती फार तापलीय. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, खाली दगड. तळावर चर पडला तर पीटेक्स प्लास्टिकची कांडी पेटवून थेंब भरायचे आणि थंड झाल्यावर खरवडायचं. हे काम इस्त्रीपेक्षा अवघड नाही.

मागच्या वर्षी ज्याला मी हे सगळं सांगितलं, त्याच्याकडे बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं यातलं काहीच नव्हतं. बोर्डासाठी मात्र मोठी रक्कम बाजूला काढलेली. गंडोलाच्या वाडग्यात तरी स्की पेट्रोलचं गस्तीपथक असतं. त्याच्या बाहेर पाऊल टाकलं की हिमस्खलनाचं गणित तुमचं तुम्हालाच करावं लागतं. कडक बोर्ड तुम्हाला त्या उतारांवर लवकर पोचवतो, एवढंच. त्याला मी आधी ते तिन्ही घ्यायला लावलं, बोर्ड एक हंगाम पुढे ढकलला. अजून थोडा रागावलेला आहे.

तो काळा 165 मी 90 किलोच्या एका मित्राला विकला. त्याच्या पायाखाली तो लोण्यासारखा चालतो, बघून जरा जळफळाट होतो. मी आता 159 चालवतो, दहापैकी सात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गुलमर्गात आहे. तुमचा बूट नऊचा असेल तर एक फेरी त्याच्यावर मारून बघा, बाइंडिंगला हात लावावा लागणार नाही.