रिप्रो दाण्याची चटई उन्हात टिकवायची तर

जळगावची प्लास्टिक चटई देशभर जाते. तिच्यात रिप्रो दाणा (भंगार वितळवून पुन्हा केलेला प्लास्टिकचा दाणा) किती आणि नवा किती, यावर तिचा भाव ठरतो. पण रिप्रो वापरला म्हणजे पर्यावरणाचं काम झालं, हे मला पटत नाही. खान्देशातल्या मे महिन्यात गच्चीवर पडून राहिलेली कच्ची चटई पिचते आणि बोटाने दाबली की तिचा चुरा होतो. तो चुरा कोणी भंगारवाला घेत नाही, पहिल्या पावसात तो गटारीत जातो. एका उन्हाळ्यात संपणारी चटई शंभर टक्के भंगारातून केली तरी नुकसानीचीच. चार उन्हाळे काढणारी चटई निम्म्या नव्या दाण्याची असली तरी मी तिलाच चांगली म्हणेन.

हा टिकाऊपणा बहुतेक भंगार निवडतानाच ठरतो. जुन्या चटया आल्या की आधी कडेची कापडी पट्टी आणि शिलाई कापून वेगळी काढायची. शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा असतो. पॉलिस्टर २५० अंशांच्या वर वितळतं आणि आपण चटईचं प्लास्टिक, म्हणजे पीपी (पॉलिप्रॉपिलीन), चालवतो २००-२२० वर. म्हणजे दोरा न वितळता माल गाळणाऱ्या जाळीवर जाऊन बसतो, प्रेशर चढतं आणि सारखी जाळी बदलावी लागते. पॅकिंगची पिशवी म्हणजे पॉलिथिन. ते वितळतं, पण पीपीशी एकजीव होत नाही. अशा मालाची नळी (अशा नळ्याच मागावर विणून चटई होते) दिसायला ठीक असते, पण वळवली की उभी चिरते.

सगळ्यात घातक पीव्हीसी. जळगावात पीव्हीसी पाइपचेही कारखाने भरपूर, त्यामुळे भंगाराच्या ढिगात त्याचे तुकडे येणारच. पीव्हीसी तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतं आणि बॅरल-स्क्रू (मशीनमधला माल वितळवून पुढे ढकलणारा भाग) खातं. शिवाय उन्हापासून वाचवायला आपण जो हाल्स जातीचा यूव्ही स्टॅबिलायझर घालतो तो अल्कधर्मी असतो, आम्लाने तो निकामी होतो. म्हणजे महागाचा स्टॅबिलायझर घालूनही चटई पिचते आणि दोष पुरवठादाराला दिला जातो. संशय आला तर तांब्याची तार लाल तापवून तुकड्याला लावायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. तुकडा नखाएवढाच घ्यायचा आणि हे उघड्यावर करायचं.

पाण्यात टाकून तरंगतं-बुडतं पाहणं हा नेहमीचा उपाय. पाण्याची घनता १, शुद्ध पीपीची ०.९० ते ०.९१, पीव्हीसीची सुमारे १.४, त्यामुळे फरक लगेच दिसायला हवा. पण भंगारात कॅल्शियम कार्बोनेटचा फिलर (भर म्हणून घातलेली भुकटी) साधारण १४ टक्क्यांच्या वर असेल तर पीपीसुद्धा बुडतं. बुडालेला सगळा माल पीव्हीसी समजून फेकू नका आणि डोळे झाकून वापरूही नका. तो ढीग वेगळा ठेवा, तारेची चाचणी करा. पीपी निघालं तरी आधीच इतका फिलर असलेल्या मालात आणखी फिलर घालायचा नाही. वजन वाढतं, पण नळी ठिसूळ होते आणि डाय (नळीला आकार देणारा साचा) घासतो.

धुतलेलं ग्राइंडिंग (भंगाराचे दळलेले तुकडे) नीट वाळवायला हवं. पीपी स्वतः पाणी पीत नाही, पण तुकड्यांवर पाणी राहतं आणि फिलर ओलावा धरतो. बॅरलमध्ये त्याची वाफ होते, नळीच्या भिंतीत बुडबुडे पडतात आणि मागावर ती तिथेच तुटते. उन्हाळ्यात स्वच्छ फरशीवर एक दिवस पुरतो. पावसाळ्यात हॉपर ड्रायर ८०-९० अंशांवर दोन तास चालवावा. धुण्याचं पाणी मात्र टाकीत निवळवून, बारीक जाळीतूनच बाहेर सोडा, नाहीतर प्लास्टिकचे कण थेट नाल्यात जातात.

दाणा काढताना पीपीच्या रेणूंची साखळी प्रत्येक फेरीला तुटत जाते आणि एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो तो आकडा) वाढतो. २३० अंश आणि २.१६ किलो वजनावर ही चाचणी होते. समजा नव्या दाण्याचा आकडा ३ आहे आणि रिप्रोचा ८ आला, तर तो लॉट एकट्याने चालवू नका, ओढताना नळी बारीक होऊन तुटेल. जाळी तुंबल्यावरही मशीन दामटत राहिलं की माल बॅरलमध्ये जास्त वेळ शिजतो आणि हा आकडा आणखी चढतो. म्हणून जाळी बदलायची ती घड्याळ पाहून नव्हे, प्रेशर गेज पाहून. स्वतःच्या कारखान्यातलं स्वच्छ भंगार रोज १०-१५ टक्के ठरलेल्या प्रमाणात जिरवावं. आठवडाभर साठवून एका पाळीत संपवलं की नळीचा व्यास हलतो. रंग बदलताना पिवळा, हिरवा, निळा, मरून, काळा असं फिक्याकडून गडदकडे गेलं तर लम्प (वाया जाणारे गोळे) कमी निघतात.

स्टॅबिलायझरच्या मात्रेत हमखास घोटाळा होतो. हाल्स ०.३ टक्के म्हणजे किलोला ३ ग्रॅम, पण ते शुद्ध रसायन. बाजारात मिळतो तो मास्टरबॅच, म्हणजे रसायन आधीच मिसळलेला प्लास्टिकचा दाणा. त्यात रसायन १० टक्के असेल तर किलोला ३० ग्रॅम लागेल. ३ ग्रॅम मास्टरबॅच टाकून ‘यूव्ही घातलाय’ म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. काळ्या नळीत नीट मिसळलेला दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक हे काम चांगलं करतो. पडताळा सोपा आहे: प्रत्येक लॉटची एक पट्टी मार्चमध्ये पत्र्यावर बांधा, जोडीची पट्टी कपाटात ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी दोन्ही दुमडून पाहा.

आता वीज. एक किलो पीपी ३० अंशांवरून २१० वर न्यायला तत्त्वतः साधारण ०.१३ युनिट लागतं. एक्स्ट्रूडरला (माल वितळवून नळी काढणाऱ्या मशीनला) वेगळा मीटर लावा आणि किलोमागे युनिट लिहा. आकडा तिप्पट निघाला तर उघड्या बॅरलकडे बघा. २०० अंशांचा उघडा पृष्ठभाग चौरस मीटरला दोन-अडीच किलोवॅट उष्णता शेडमध्ये सोडतो, तीही शेड आधीच तापलेली असताना. इन्सुलेशन जॅकेट घालावं, पण ज्या झोनवर थंड करणारा ब्लोअर आहे तिथे नाही. तिथे स्क्रूच्या घर्षणाची उष्णता बाहेर पडणं गरजेचं असतं. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचं डोकं आणि हीटरचे टर्मिनलही झाकू नका, जळतात.

पारा ४४ वर गेला की अनेकजण मशीनचं पाणी थंड करायला चिलर घ्यायला निघतात. त्याआधी कूलिंग टॉवर (थोड्या पाण्याची वाफ होऊ देऊन बाकीचं थंड करणारा) तपासा. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे वाफ होऊन पाणी ज्याच्या खाली थंड होऊ शकत नाही ते, जेमतेम २३ असतं. जुलैत ३१ अंश आणि ८० टक्क्यांना ते २८ होतं. म्हणजे चांगला टॉवर मे महिन्यातच जास्त थंड पाणी देतो, २६-२७ अंशांचं. तेव्हा पाणी गरम येत असेल तर फिल (टॉवरमध्ये पाणी पसरवणारा थर) क्षारांनी तुंबलंय किंवा नोझल बंद आहेत. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड असतं, तिथूनच हे सुरू होतं. तासाला १०,००० लिटर पाणी ५ अंशांनी थंड करताना दिवसाला सुमारे १,८०० लिटर वाफ होऊन जातं. टाकीतला टीडीएस (विरघळलेले क्षार) भरणीच्या पाण्याच्या दुप्पट झाल्यावर पाणी सोडलं तर आणखी १,८०० लिटर जातं, चौपटीपर्यंत थांबता आलं तर ६०० लिटरच. त्यासाठी पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर लागतो.

या नोंदी असतील तर झेड प्रमाणपत्राचा (केंद्र सरकारची ‘झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट’ योजना) अर्ज सोपा जातो. २०२२ मध्ये त्याच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत जाहीर झाली. ब्राँझ या पहिल्या पायरीपासून सुरुवात करा.