शिशाच्या खिळ्यातला दुसरा धातू

माझ्या टेबलावर ‘क्ष’ या जोडाक्षराचा एक खिळा, म्हणजे छपाईचा धातूचा ठसा, आहे. एक जुना छापखाना बंद झाला, तेव्हा तिथले खिळे किलोच्या भावाने भंगारात निघाले होते. त्यांतून मी तो मागून आणला. अशा खिळ्यांना आपण सर्रास शिशाचे खिळे म्हणतो, पण निव्वळ शिशावर नखानेसुद्धा ओरखडा उठतो आणि या ‘क्ष’ची तांदळाच्या कणीएवढी गाठ इतक्या छपाईनंतरही शाबूत आहे. ही करामत अँटिमनीची.

अणुक्रमांक ५१ असलेला हा धातू दिसायला चंदेरी, पण कमालीचा ठिसूळ आहे. हातोडीने ठोकला तर त्याचा पत्रा होत नाही, चुरा होतो. वीज आणि उष्णताही तो बेताचीच वाहून नेतो. शिशात मिसळल्यावर मात्र तो शिशाला कठीण करतो आणि ओतलेला रस थिजताना होणारे आकुंचन कमी करतो, त्यामुळे साच्याचा कानाकोपरा भरून अक्षराच्या कडा रेखीव उतरतात. लायनोटाइप या छपाईच्या ओळी ओतणाऱ्या यंत्रासाठी साधारणपणे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे मिश्रण वापरीत. गंमत अशी, की शिसे ३२७ अंश सेल्सिअसला आणि अँटिमनी ६३१ अंशांना वितळते, पण हे मिश्रण २४० अंशांच्या आसपासच पातळ होते. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचा लौकिक ज्या सुबक देवनागरी खिळ्यांवर उभा राहिला, ते याच जातीच्या मिश्रधातूंच्या काळातले.

अँटिमनीशी माणसाची ओळख मात्र छपाईहून फार जुनी आहे. स्टिब्नाइट हे त्याचे काळे, चमकदार खनिज पूर्वी डोळ्यांत घालीत आणि त्याच्या ‘स्टिबियम’ या लॅटिन नावावरूनच ‘एसबी’ ही संज्ञा आली. आपल्याकडे सुरमा म्हणून विकली जाणारी पूड पुष्कळदा शिशाचे सल्फाइड निघते, तेव्हा ती डोळ्यांपासून दूर ठेवलेलीच बरी. अँटिमनीची संयुगेही विषारीच. तरीही उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कोलकात्यात शोधलेल्या युरिया स्टिबामाइन या त्याच्याच संयुगाने काळा आजार या जीवघेण्या तापाच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले.

खिळे गेले, तरी अँटिमनीची मागणी गेली नाही. त्याचे ट्रायऑक्साइड क्लोरीन किंवा ब्रोमीनच्या संयुगांबरोबर प्लास्टिकात आणि कापडात आग रोखण्यासाठी घालतात. पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी हे प्लास्टिक तयार करताना तेच उत्प्रेरक असते. खाणकामात चीन आघाडीवर आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याने अमेरिकेला होणारी निर्यात रोखल्यावर भाव कडाडले.

घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतही शिशाच्या जाळीला ताठपणा देण्यासाठी अँटिमनी असते. त्याच्यामुळेच चार्जिंगच्या वेळी पाण्याचे विघटन जास्त होते आणि पातळी उतरते. जिन्याखाली बसून दर दोन-तीन महिन्यांनी मी डिस्टिल्ड वॉटर ओततो, ते त्यापायी.