आमची वाटचाल: टरफलाच्या रंगाचा हिशेब

वडिलांनी १९९४ साली कराडमध्ये भुईमुगाच्या शेंगांची पेढी सुरू केली, तेव्हा टरफलाच्या रंगाकडे कोणी फारसे पाहत नसे. माल फोडायला जायचा, त्यामुळे भाव ठरायचा तो दाण्याच्या उताऱ्यावर आणि ओलाव्यावर. टरफल शेवटी भट्टीत जळण म्हणूनच जाणार होते. पुढे आम्ही अख्ख्या शेंगा निवडून, वाळूत भाजून पाकिटांत भरू लागलो आणि हिशेब उलटा झाला, कारण पाकीट हातात घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दाणा नव्हे, टरफल दिसते.

आमच्या गाळ्यात कृष्णाकाठच्या काळ्या रानातला माल येतो आणि पाटणकडच्या उतारावरच्या तांबड्या मातीतलाही. काळी चिकण माती शेंगेवरच्या जाळीच्या खाचांत बसते आणि झटकून जात नाही, तर तांबड्या मातीतली शेंग कितीही स्वच्छ केली तरी अंगावर गेरूची झाक ठेवते. उन्हाळी पीक कडक उन्हात वाळत असल्याने त्याचा रंग फिकट, गव्हाळ राहतो. याउलट खरिपाची काढणी परतीच्या पावसात सापडली, तर शेतात पसरलेल्या शेंगा भिजून काळपट पडतात. हे सारे आम्हाला ठाऊक होते, परंतु ते सांगायचे कसे हे ठाऊक नव्हते. ‘बरा’, ‘मळका’ आणि ‘चोख’ एवढे तीन शब्द आमच्या व्यवहाराला पुरत होते.

ते पुरेनासे झाले, ते एका घाऊक खरेदीदाराने ‘रंग एकसारखा नाही’ म्हणून निम्मा ट्रक परत पाठवला तेव्हा. आम्ही तो माल सकाळी अंगणातल्या सावलीत पाहून भरला होता. त्यांनी तो संध्याकाळी गोदामातल्या पिवळट दिव्याखाली पाहिला. खोटे कोणीच बोलत नव्हते. परत आलेल्या मालापैकी काही पोती मी घाईने धुऊन पाहिली, हा त्याहून मोठा शहाणपणा ठरला. टरफल उजळले खरे, पण ते स्पंजासारखे पाणी धरते. नीट वाळण्यापूर्वीच आभाळ भरून आले आणि चार दिवसांत पोत्यांना कुबट वास सुटला. ती पोती टाकून द्यावी लागली.

त्यानंतर आम्ही एक जुने, हातात धरायचे रंगमापक यंत्र घेतले. ते आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९७६ साली ठरवलेल्या पद्धतीने रंग तीन आकड्यांत सांगते. ‘एल’ म्हणजे उजळपणा, शून्य काळा आणि शंभर पांढरा. ‘ए’ वाढला की तांबूसपणा वाढतो आणि ‘बी’ वाढला की पिवळेपणा. पहिल्याच दिवशी आमचा भ्रमनिरास झाला. एकाच शेंगेवर यंत्र तीनदा टेकवले, तर ‘एल’ ५८, ५३ आणि ६१ आला. यंत्र बिघडले असावे असे वाटून मी ते यंत्र पडताळण्यासाठीच्या छोट्या पांढऱ्या फरशीवर तपासले, तर तिथे ते चोख होते. दोष शेंगेच्या आकाराचा होता. यंत्राची खिडकी जेमतेम आठ मिलिमीटरची, ती कधी जाळीच्या उंचवट्यावर बसे, कधी खाचेतल्या सावलीवर, आणि शेंगेच्या गोलाईमुळे कडेने बाहेरचा उजेडही आत शिरे. कापड किंवा कागद मोजायला जे यंत्र उत्तम, ते शेंगेपुढे गोंधळते.

म्हणून काही वर्षांनी, कर्ज काढून, मोठ्या खिडकीचे यंत्र घेतले. त्यात शेंगांनी भरलेले पसरट भांडे ठेवतात, उजेड सभोवार ४५ अंशांतून पडतो आणि रंग बरोबर समोरून टिपला जातो. उजेड सगळीकडून येत असल्याने खाचांच्या सावल्या बऱ्याच निवळतात. भांडे थोडे थोडे फिरवून आम्ही सहा वेळा मोजतो, मग शेंगा ओतून, हलवून, पुन्हा भरून आणखी सहा वेळा, आणि सरासरी काढतो. भांडे काठोकाठ भरणे महत्त्वाचे, कारण शेंगांमधल्या पोकळीतून तळ दिसला की आकडा उगाच खाली येतो. भांड्यात टाकण्यापूर्वी माल चाळून माती आणि कचरा काढतो, नाहीतर मोजमाप टरफलाचे न होता रानातल्या मातीचे होते.

यातून मला समजलेली गोष्ट अशी की, सरासरीपेक्षा त्या बारा आकड्यांमधली तफावत जास्त बोलते. थोडा मळकट पण एकसारखा माल पाकिटात चांगला दिसतो. उजळ आणि काळपट शेंगांची मिसळ मात्र सरासरी छान असूनही जुनाट वाटते. दोन रानांचा माल एकत्र न करण्याचा आमचा नियम त्यातूनच आला. त्याने गाळ्यातली जागा अडते, हमाल कुरकुरतात, पण परतीचा माल जवळपास थांबला.

बुरशीचे मात्र यंत्राला कळत नाही. मातीचा डाग आणि बुरशीचा डाग त्याला सारखेच काळे, म्हणून निवडीच्या टेबलावरच्या मावशी शंका आलेली शेंग फोडून आत पाहतात आणि अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीमुळे तयार होणाऱ्या विषाची, तपासणी प्रयोगशाळेतूनच करून घेतो.

खरेदीदाराबरोबर आता आकडे आणि नमुन्याची बरणी असे दोन्ही ठरते. गेल्या हंगामात ती बरणी खिडकीजवळ राहिली आणि मोजल्यावर तिच्यातल्या शेंगांचाच रंग बदललेला निघाला, तेव्हापासून ती कपाटात, काळ्या कापडात गुंडाळून ठेवतो आणि दर हंगामाला नव्याने भरतो.