गोधडी इन्स्टावर विकताना: आधी माप, भाव आणि तारीख

गोधडीचं एखादं रील एका रात्रीत हजारो लोक बघतात. हातशिलाईची सिंगल गोधडी मात्र चाळीसेक तास खाते. घर सांभाळून रोज चार तास बसलं तरी दहा दिवस गेलेच. घरगुती गोधडीचं काम अडतं ते या दोन वेगांच्या मध्ये. चौकशा दोनशे येतात, त्यांना उत्तरं देता देता सुई बाजूला राहते आणि ज्यांनी आगाऊ पैसे दिलेत त्यांचीच गोधडी लांबते. म्हणून पोस्ट अशी लिहायची की विचारण्यासारखं फार उरू नये.

‘भावासाठी मेसेज करा’ हे वाक्य आधी काढून टाका. भाव दिसला नाही की घेणारा पुढे सरकतो, आणि नुसतं विचारणारा तेवढा मेसेज करतो. फोटोखाली सरळ असं लिहा: ‘सिंगल गोधडी, 60 x 90 इंच, चार सुती साड्या, वजन दीड किलो, 3,600 रुपये, टपालखर्च वेगळा, शिवायला तीन आठवडे.’ माप इंचातच द्या. ‘सिंगल’ म्हणजे कुणाला दिवाणाएवढी वाटते, कुणाला पलंगाएवढी. बाळाची असेल तर 30 x 40 इंच लिहून वर ‘पाळण्यात आणि मांडीवर पुरते’ एवढं जोडा.

हे 3,600 येतात कुठून तेही मांडून बघा. समजा कापड-दोरा 500, शिलाई 40 तास तासाला 60 रुपयांनी 2,400, फोटो आणि मेसेजचे तीन तास 180, बांधणी 70. झाले 3,150. त्यावर पंधरा टक्के धरले की साधारण 3,600. फोनवरचे तास बहुतेक जणी धरतच नाहीत, आणि मग वर्षभर काम करूनही हातात काही का उरत नाही ते कळत नाही. तासाला 60 हाही काही मोठा दर नव्हे. जमेल तिथे वाढवा.

फोटोला महागडा फोन लागत नाही, उजेड लागतो. सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास खिडकीशी किंवा गॅलरीत, ऊन थेट न पडणाऱ्या जागी गोधडी पसरा. उजेड बाजूने आला की धावदोऱ्याच्या खळ्या उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला की तीच गोधडी छापील चादरीसारखी सपाट वाटते. लाल, राणी आणि मरून रंग फोनमध्ये फार भडकतात. पडद्यावर लाल भागावर बोट दाबून धरा, फोकस स्थिर झाला की उजेड थोडा खाली ओढा. फिल्टर अजिबात नको. ‘फोटोत वेगळा रंग होता’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते. फोटो पाच पुरतात: पूर्ण गोधडी, पलंगावर घातलेली, टाक्यांचा जवळून (शेजारी रुपयाचं नाणं ठेवून), मागची बाजू आणि घडी घातल्यावरची जाडी. मागची बाजू दाखवायला कचरू नका. हातशिलाईचा खरा पुरावा तोच आहे.

रीलची सुरुवात सुई ओवण्यापासून केली तर लोक थांबत नाहीत. पहिल्या दोन सेकंदांत तयार गोधडी झटकून पसरा, मग मागे जा: साड्या फाडणं, थर लावणं, टाचणं, टाके. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून माप आणि भाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत हवेत. बिझनेस खात्यावर बरीच सिनेमाची गाणी वापरायला मिळत नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या आवाजात सांगितलेलं जास्त चालतं. हॅशटॅग चार-पाच पुरे. त्यापेक्षा प्रोफाइलच्या नावाच्या रकान्यात ‘गोधडी’ हा शब्द आणि गावाचं नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत घाला, कारण शोधताना तो रकाना धरला जातो. प्रोफाइलवर तीन पोस्ट पिन करता येतात, म्हणजे त्या कायम सगळ्यात वर दिसतात: मापं आणि भाव, ऑर्डर कशी द्यायची, धुवायची कशी.

पैसे ठरतात ते व्हॉट्सअ‍ॅपवर, तेव्हा साध्याऐवजी बिझनेस अ‍ॅप घ्या. त्यात कॅटलॉग आहे, ठरावीक उत्तरं साठवता येतात आणि लेबलं लावता येतात. ‘चौकशी’, ‘आगाऊ आली’, ‘शिवणीत’, ‘पाठवली’ ही चार लेबलं लावली की वही शोधावी लागत नाही. ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप एकदम अनेकांना, पण ज्याला त्याला वेगळा जातो) 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. पहिल्याच उत्तरात तशी विनंती करून टाका. निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि ती खात्यात जमा झालेली स्वतः बघा. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागणारा माणूस गिऱ्हाईक नाही.

सगळ्यात जास्त मागणी आजीच्या किंवा आईच्या साड्यांच्या गोधडीला असते, आणि सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच. साड्या मागवण्याआधी प्रत्येकीचा दिवसाउजेडी फोटो मागा. नायलॉन आणि पॉलिएस्टर थरात सरकतं, टाका बसत नाही. रेशीम घडीवर फाटतं. जरीची तार टोचते, म्हणून जरीचे काठ कडेलाच लावायचे, बाळाच्या गोधडीत तर नाहीच. साडी हातात आली की दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणून बघा आणि उजेडासमोर धरा. विरलेला भाग आतल्या थरात घाला. ओला पांढरा रुमाल ठेवून वरून इस्त्री फिरवली की रंग जातो का ते लगेच कळतं. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, साड्या मोजा, फोटो गिऱ्हाइकाला पाठवा. त्या साड्या पुन्हा विकत मिळणाऱ्या नाहीत. कात्री लावण्यापूर्वी ‘हो, कापा’ असं लेखी उत्तर घ्या, आणि उरलेले तुकडे गोधडीबरोबर परत द्या.

तारखांचं गणित आधी मांडा. थंडीची चौकशी दिवाळीच्या आसपास वाढते, पण तेव्हा रील टाकून उपयोग नाही, कारण शिवायला वेळच उरत नाही. दाखवायला गणपतीपासून सुरुवात करा. पितृपक्षात काही जण नवं घेत नाहीत, तेव्हा त्या पंधरवड्यात हातातली कामं उरका. दिवाळीत घरी पोचायला हवी असेल त्यांच्यासाठी नोंदणी घटस्थापनेच्या आधीच बंद. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत जेमतेम वीस दिवस असतात. स्टेटसला दर आठवड्याला ‘या महिन्याच्या तीनपैकी दोन जागा भरल्या’ असं खरं लिहा. पैसे देऊन जाहिरात करायचीच तर जागा रिकाम्या असतील तेव्हाच करा. ज्या पोस्टला आधीच चौकशा आल्यात तीच निवडा, तीही दोन-चार शहरांपुरती, दिवसाला शंभर-दोनशे रुपये, पाच दिवस.

आता पार्सल. बऱ्याच कुरिअर कंपन्या खऱ्या वजनाऐवजी आकारावरून वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5,000 ने भागायचं. दीड किलोची गोधडी 45 x 35 x 15 च्या खोक्यात घातली तर 4.7 किलोचे पैसे पडतात. तीच आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गुडघ्याने दाबून हवा काढून 40 x 30 x 10 मध्ये बसवली तर 2.4. भाव ठरवताना आधी एकदा भरून, मोजून बघा. पावसाळ्यात बांधण्याआधी गोधडी पंख्याखाली पूर्ण दिवस उलटसुलट वाळवा. आतल्या थरात ओल राहिली तर चार दिवसांच्या प्रवासात कुबट वास धरतो. आत एक चिठ्ठी घाला: पहिल्या धुण्याला गार पाणी, वेगळी धुवा, पिळू नका, सावलीत दोरीवर दुहेरी टाका. चिठ्ठीवर तुमचा नंबर मोठ्या अक्षरांत असू द्या.