कोर्लईची नौ लिंग परत शिकताना – माझा अनुभव

आमचं मूळ गाव कोर्लई. अलिबागहून मुरुडच्या एसटीत बसलात की रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावच्या पुढे, किल्ल्याच्या पायथ्याशी. आम्ही तिथले ख्रिश्चन, आमची घरातली भाषा म्हणजे नौ लिंग (हसू नका, 'आपली भाषा' असा अर्थ आहे). पोर्तुगीजांनी १५२१ च्या सुमारास शेजारच्या चौलला बस्तान बसवलं आणि १७४० ला सगळं मराठ्यांना देऊन गेले, त्यांची पोर्तुगीज भाषा मात्र आमच्याकडे राहिली आणि इतकी वर्षं मराठीच्या शेजारात वेगळीच होऊन बसली. आता बोलणारे हजाराच्या आसपास. पप्पा नोकरीला मुंबईत आले नि आमच्या घरी फक्त मराठी उरली.

सुरुवातीला मोबाईलवर पोर्तुगीज शिकायचं अ‍ॅप टाकलं, काही उपयोग नाही, शब्द ओळखीचे वाटतात पण आमच्यात क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं, त्यामुळे ते लिस्बनवालं वाक्य गावात कोणाला बोलून दाखवायची सोय नाही. मग क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाचं १९९६ चं इंग्रजी पुस्तक मिळवलं. व्याकरण त्यात भरपूर आहे, पण भाषाशास्त्र न शिकलेल्या माणसाला दोन पानांत झोप येते.

खरं काम झालं ते आजीच्या धाकट्या बहिणीकडे. फोन समोर धरला की ती पदर सावरून एकदम शुद्ध मराठीत, चर्चमध्ये वाचन करतात ना तसं बोलायला लागायची. शेवटी तिला विचारूनच फोन मसाल्याच्या डब्यांमागे चालू ठेवला आणि दोघी करंदी सोलत बसलो. थोड्या वेळानं ती फोन विसरली. मग काय, मांजराला शिव्या, सुनेची तक्रार, वाटणात मीठ जास्त पडलं म्हणून स्वतःवर चिडणं, सगळं नौ लिंगमध्ये! असली वाक्यं पुस्तकात कुठून येणार. रात्री मी ते ऐकून देवनागरीत लिहून काढायचे, त्यावर चुलतभावाशी स्पेलिंगवरून भांडण, कारण ठरलेली अशी लिपीच नाही.

गावातली पोरं मराठीत उत्तर देतात, शाळा मराठी आहे, त्यांना दोष कशाला द्यायचा.

मला आता घरातलं रोजचं बोलणं जमतं, मयतीला किंवा लग्नात म्हाताऱ्या भराभर बोलायला लागल्या की मात्र अजून गडबडते. कोणाचं आजोळ तिकडचं असेल तर व्याकरण नंतर बघा, आधी स्वयंपाकघरात जाऊन बसा.